पासपोर्ट फोटो आणि चंद्रावरचं आकाश

सांगलीहून प्रतिक्रिया पाठवणाऱ्या वाचकांस,

चंद्रावर काढलेल्या फोटोंत तारे का दिसत नाहीत, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेलं वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: चंद्रावर हवा नाही, म्हणजे तारे तिथे जास्तच ठळक दिसायला हवेत, ते फोटोत नाहीत, म्हणजे फोटो बनावट. आर्मस्ट्राँगनेही तारे दिसले नाहीत असं सांगितलं होतं. शिवाय ध्वज हलतो आणि सावल्या तिरक्या पडतात. आणि मग शेवटचं वाक्य: ‘साताऱ्याच्या गल्लीत बसून पासपोर्ट फोटो काढणाऱ्यांनी नासाची वकिली करू नये.’

मतभेदाला माझी हरकत नाही. पण या वाक्यात मुद्दा नाही, हिणवणं आहे. लेखात मी शटर (उजेड आत येण्याचा वेळ ठरवणारं झाकण), ॲपर्चर (लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं भोक मोठं) आणि फिल्म यांबद्दल लिहिलं होतं. त्यातलं एकही वाक्य तुम्ही खोडलेलं नाही. माझा धंदा मात्र काढलात. आपली ओळख नाही, तुम्ही नावही दिलेलं नाही, आणि समोरच्याच्या पोटापाण्याच्या कामावर बोट ठेवता, हे सभ्यपणाचं नाही.

आता काढलाच आहे धंदा, तर ऐका. होय, मी पासपोर्ट फोटो काढतो. रोलच्या जमान्यापासून काढतो. माण-खटावकडून माणसं यायची, उन्हात रापलेली, अंगात पांढराशुभ्र सदरा आणि डोक्याला पांढरी टोपी. बँकेच्या कर्जाला, शाळेच्या दाखल्याला फोटो हवा असायचा. चेहरा नीट यावा म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, वाढवलं की टोपी पांढरीफटक व्हायची, तिची घडी नाहीशी व्हायची. टोपी सांभाळली की चेहरा काळा पडायचा, डोळे दिसायचे नाहीत. मग डार्करूममध्ये फोटो छापताना (तिथे जास्त उजेड म्हणजे जास्त काळं) एन्लार्जरच्या उजेडात हात फिरवून चेहऱ्यावरचा उजेड अडवायचा आणि टोपीला दोन सेकंद जास्त द्यायचे. ज्याला तुम्ही गल्लीतलं काम म्हणता, त्यात हा झगडा रोजचा होता. आणि टोपी आणि चेहरा यांच्यातला फरक असतो तरी किती? फार तर चार-पाच स्टॉप. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, हे तुम्हाला माहीत असेल असं धरून चालतो.

लग्नाच्या वरातीही मी खूप काढल्या. दहिवडीच्या पलीकडच्या गावात तेव्हा रात्री अंधार असा असायचा की आकाशगंगा डोक्यावरून आडवी गेलेली दिसायची. फ्लॅशमध्ये नवरा-नवरी, घोडा, वाजंत्री सगळं लख्ख आलं आहे, आणि मागे आकाश कोळशासारखं. एकाही फोटोत एकही तारा नाही. त्या वराती स्टुडिओत निघाल्या होत्या असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

तुमची एक गोष्ट मान्य करतो. हवा नसली की तारे लुकलुकत नाहीत आणि थोडे जास्त तेजस्वी दिसतात. डोक्यावरच्या ताऱ्याचा साधारण पाचवा हिस्सा उजेड आपली हवा खाते, तो तिथे वाचतो. पण पाचवा हिस्सा म्हणजे अर्धा स्टॉपसुद्धा नाही. आणि हवा नाही म्हणून ऊनही तितकंच कडक होतं, हे तुम्ही सोयीस्करपणे सोडून दिलंत.

अपोलोची सगळी माणसं चंद्रावर उतरली ती दिवसा, तिथल्या सकाळी. आकाश काळं दिसतं म्हणून तुम्ही रात्र समजता. ते काळं आहे कारण उजेड पसरवायला हवाच नाही. जमीन उन्हात, यान उन्हात, अंतराळवीराचा पांढरा पोशाख उन्हात. छातीवर बसवलेला हॅसलब्लाड कॅमेरा, त्याला व्ह्यूफाइंडर नाही, शटर साधारण १/२५० सेकंद, ६० मिलिमीटरची लेन्स, तिचं सगळ्यात मोठं ॲपर्चर ५.६, आणि उन्हात ते आणखी लहान केलेलं. रंगीत फिल्म स्लाइडची, म्हणजे निगेटिव्ह न होता थेट चित्र देणारी, जी एका स्टॉपची चूकही पोटात घालत नाही.

आता तारे काढायला काय लागतं ते यवतेश्वरच्या पठारावर कॅमेरा घेऊन गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा. ट्रायपॉड, ॲपर्चर २.८, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६००, शटर वीस सेकंद उघडं. करा हिशेब. शटरचा फरक ५००० पट. ५.६ ऐवजी २.८ म्हणजे ४ पट. फिल्म १६० ची धरली तर संवेदनशीलतेत १० पट. गुणाकार दोन लाख. सतरा-अठरा स्टॉप! मला चार-पाच स्टॉपची टोपी सांभाळताना घाम फुटायचा, आणि स्लाइड फिल्म पाच-सहा स्टॉपपलीकडे काही धरत नाही. तारे यावेत म्हणून वीस सेकंद शटर उघडं ठेवलं असतं तर अंतराळवीर, यान, जमीन यांपैकी काहीच उरलं नसतं. सगळी फिल्म जळाली असती. चंद्रावर जाऊन माणसाचा फोटो काढायचा की ताऱ्यांचा, यात त्यांनी माणूस निवडला. मीही तेच केलं असतं.

आणि तारे काढायचे होते तेव्हा वेगळा कॅमेरा नेऊन काढलेच. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ बरोबर जॉर्ज कॅरुथर्स यांनी बनवलेला अतिनील कॅमेरा गेला. अंतराळवीर जॉन यंग यांनी तो यानाच्या सावलीत मांडला, ऊन लागू नये म्हणून. त्यात तारे आले, मोठा मॅजेलॅनिक मेघ (आपल्या शेजारची दीर्घिका) आला, पृथ्वीभोवतीचं हायड्रोजनचं तेजोमंडल आलं. अतिनील किरण आपल्या हवेत अडतात, म्हणून तो कॅमेरा तिथे नेण्यात अर्थ होता. हे माझ्या लेखात होतं. तुम्ही लेख तिथपर्यंत वाचला नाही, असं मला वाटतं.

आर्मस्ट्राँग यांचं वाक्य तुम्ही अर्धं कापून वापरलंत, याचा मला जास्त राग आला. ते चंद्राच्या उजेडातल्या बाजूबद्दल आणि नुसत्या डोळ्यांबद्दल बोलत होते. दुर्बिणीचा उल्लेख त्याच वाक्यात आहे. यानातल्या दुर्बिणीतून ताऱ्यांचा वेध घेऊनच ते दिशादर्शन जुळवत होते. भर उन्हातल्या लख्ख जमिनीकडे पाहणाऱ्या डोळ्याची बाहुली बारीक झालेली असते. अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. रात्री दिव्याखालून उठून गच्चीवर गेलात तर हे तुम्हालाही कळेल.

ध्वजाला वरून आडवी दांडी होती आणि सावल्या खडबडीत जमिनीवर पडल्या होत्या. त्यावर याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

‘नासाची वकिली’ म्हणालात म्हणून आपलंच उदाहरण देतो. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरलं, तेही तिथल्या सकाळी. आठवड्याभराने प्रज्ञानने विक्रमचा फोटो काढला. आकाश काळं आहे आणि तारा एकही नाही. इस्रोबद्दलही तुम्ही हेच लिहिणार असाल तर तसं स्पष्ट लिहा.

आणि पुढची प्रतिक्रिया पाठवाल तेव्हा माझा धंदा राहू दे बाजूला. उन्हातला पांढरा पोशाख आणि मागचे तारे, दोन्ही एकाच स्लाइडवर येतील असं शटर आणि ॲपर्चर आकड्यांत लिहून पाठवा. आकडे बरोबर निघाले तर तुमची प्रतिक्रिया मी लेखाच्या वर छापीन.