दीड आला का?

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या प्रयोगशाळेत सकाळी कुणी कुणाची खुशाली विचारत नाही. 'दीड आला का?' विचारतात. साहेब विचारतात, साहेबांचे साहेब विचारतात, हल्ली गेटवरचा वॉचमनही विचारतो. त्याला बहुधा मटक्याचा आकडा वाटतो.

दीड म्हणजे रेझोल्यूशन 1.5. काही औषधांच्या रेणूची दोन रूपं असतात: अणू तेच, वजन तेच, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. आलेखावर या दोघांची शिखरं पायथ्यापर्यंत सुटी झाली की दीड आला म्हणायचं. माशेलच्या मामीने विचारलं, "दोन्ही एकाच गोळीत घातली तर काय बिघडतं रे?" तिला नैराश्यावरच्या सिटालोप्रामचं सांगितलं. त्यातलं एस रूप काम करतं, म्हणून तेवढंच वेगळं काढून एस्सिटालोप्राम विकतात. आर रूपाचा त्या कामात फारसा हातभार नसतो. "म्हणजे आमच्या घरात तुझा मामा," मामी म्हणाली. हे एवढं सोपं करून मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

वेगळं करायचं कसं, तर केसाहून बारीक, 50 मायक्रॉन भोकाच्या काचनळीत काही नॅनोलिटर नमुना सोडायचा आणि दोन टोकांना पंचवीस-तीस हजार व्होल्ट लावायचे. पण विद्युतभार सारखा, आकार सारखा, म्हणून दोघं जोडीनेच पळतात. मग द्रावणात सायक्लोडेक्स्ट्रिन घालतात. ही स्टार्चपासून केलेली साखरेची कडी. एक रूप तिच्यात जरा जास्त रेंगाळतं आणि मागे पडतं.

कागदावर. प्रत्यक्षात आधी नळीला खिडकी करावी लागते. बाहेरचा तपकिरी लेप लायटरवर जाळायचा आणि काजळी अल्कोहोलने हलकेच पुसायची. उघडी पडलेली काच इतकी ठिसूळ, की शेजारच्याला शिंक येतेय असं दिसलं तरी मी त्याला हाताने थोपवतो. नळी बसली की बुडबुडा शिरतो. बुडबुडा शिरला की करंट शून्य आणि आलेख सपाट, पणजी-मडगाव हायवेही इतका सपाट नसेल.

त्यात जुलै. हवेतल्या दमटपणाने तीस हजार व्होल्टला नळी सोडून भलत्या वाटा सुचतात, आणि यंत्र स्वतःच बंद पडतं. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने यंत्राकडे न बघता खिडकीबाहेर बघितलं. "पावस मरे, सायबा!" निदान अचूक होतं, बिल मात्र तपासणीचं लावलं.

माशेलचा चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, हुकला, पण डीह्युमिडिफायर आला आणि एका दुपारी आकडा उमटला: 1.6. साहेबांनी चष्मा वर करून दोनदा वाचला.

"छान. आता पीएच 2.5 चा 2.4 करून बघ, 2.6 करून बघ. सायक्लोडेक्स्ट्रिन थोडं कमी, थोडं जास्त. नळीही नवी घे."

"म्हणजे बिघडतंय का ते बघायचं?"

"रोबस्टनेस म्हणतात त्याला. चवथीआधी संपव."