चिमूटभर कापूस आणि भुलाबाईचा डबा

लहान मुलांना शांत कसं करावं यावरच्या एका लेखात त्यांना डोळे मिटून दहापर्यंत श्वास मोजायला सांगितलंय. मी चोपडा तालुक्यात अंगणवाडी चालवते. तीन-चार वर्षांचं लेकरू असं बसत नाही हो. एक डोळा उघडून शेजारचा काय करतो ते बघतं.

आमच्याकडे कापूस घरोघरी. सरकी काढलेला चिमूटभर तळहातावर ठेवायचा आणि तो नुसता थरथरेल, उडणार नाही, इतकी हळू फुंकर मारायची. श्वास सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके मंदावतात, लेकराला ते समजावत बसावं लागत नाही. परवा रडून लाल झालेली एक पोर चौथ्या फुंकरीला गप्प झाली. ओठाला चिकटलेला कापसाचा तंतू काढायचंही तिला सुचलं नाही.

दुसरा खेळ भुलाबाईच्या, म्हणजे कोजागिरीपर्यंत चालणाऱ्या मुलींच्या गाण्यांच्या सणातल्या, खाऊचा. बंद डबा कानाशी हलवायचा आणि आत शेंगदाणे, फुटाणे की खडीसाखर ते आवाजावरून ओळखायचं. कोजागिरी झाली की तो का थांबवतो आपण? ऐकायचं तर गप्प व्हावंच लागतं. बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींचा शांततेचा खेळही असाच कान देऊन ऐकण्याचा. झाकण मात्र घट्ट हवं, दाणा नाकात जायला वेळ लागत नाही.

आणि हे शिक्षा म्हणून करायला लावू नका. लेकरू चिडल्यावर नवा खेळ शिकवून उपयोग नाही, ते खुशीत असतानाच सवय लावा. आम्ही रोज प्रार्थना झाल्यावर खेळतो, खिचडीचं पातेलं उतरायच्या आत.