खुलासा : ॲड्रेस बुकमधल्या खोट्या पत्त्याने व्हायरस थांबत नाही

एक जुना संदेश पुन्हा फिरतोय. ईमेलच्या ॲड्रेस बुकमध्ये सगळ्यात वर येईल असा ‘०००’ नावाचा खोटा पत्ता टाका; त्यातल्या पत्त्यांवर आपोआप मेल पाठवत पसरणारा व्हायरस तिथेच अडकेल आणि बाकीचे संपर्क वाचतील, असं त्यात म्हटलंय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, पण हा उपाय चालत नाही.

चुकीच्या पत्त्यावरचा मेल परत येतो, एवढंच. त्यामुळे बाकीचे मेल थांबत नाहीत. १९९९ सालचा मेलिसा नावाचा व्हायरस ॲड्रेस बुकमधले पहिले ५० पत्ते उचलायचा. त्यातला एक खोटा निघाला तरी ४९ उरतातच! २००४ च्या मायडूम या व्हायरसने तर कॉम्प्युटरवरच्या इतर फायलींमधूनही पत्ते शोधले आणि मेल पाठवायची सोय स्वतःबरोबरच आणली. शिवाय तो पाठवणाऱ्याचं नावही खोटं लावायचा. म्हणून ‘तुझ्या नावाने विचित्र मेल आला’ असं कोणी सांगितलं, तर तुमच्याच मशीनमध्ये व्हायरस आहे असं लगेच धरू नका. मात्र ‘पाठवलेले’ फोल्डरमध्ये तुम्ही न लिहिलेले मेल दिसले, तर पासवर्ड ताबडतोब बदला.

उपयोगी पडतं ते साधंच: मेलचं सॉफ्टवेअर अपडेट ठेवणं, न मागवलेली अटॅचमेंट न उघडणं, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री, जसं फोनवरचा कोड) चालू करणं. खोट्या पत्त्याने नुकसान काही होत नाही. पण तो टाकून माणूस निर्धास्त होतो, ते जास्त वाईट.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर पाठवला असेल, तिथे हा खुलासा टाका.