जमीन खाल्ल्या मिठाला जागते

सुपीक जमीन कायमची बाद करायला युद्ध लागत नाही की विष. गोडे पाणी पुरते.

आधी हिशेब. नदीच्या ज्या पाण्याला आपण गोडे म्हणतो, त्यातही लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार सहज असू शकतात. वर्षभरात शेतावर एकूण एक मीटर उंचीचे पाणी दिले, म्हणजे हेक्टरी दहा हजार घनमीटर, की पाच टन मीठ घरपोच. पाणी पीक पिते, ऊन पिते; मीठ मागे उरते.

ते वाहून जाऊ नये म्हणून निचऱ्याचे चर खोदू नका. कालव्याला कोनशिला बसते, चराला कुणी फीत कापत नाही, त्यामुळे हे पथ्य आपोआप पाळले जाते. कालव्याला अस्तरही नको, पाझर हवाच. भूजल वर चढत जमिनीखाली दीड-दोन मीटरांवर आले की पुढचे काम माती करते. वातीत तेल चढावे तसे खारे पाणी वर येते, उडून जाते आणि पांढरा थर ठेवते. आता माती ओली असूनही पीक माना टाकेल, कारण खाऱ्या ओलीतून मुळांना पाणी ओढता येत नाही. या टप्प्यावर 'पाणी कमी पडले' असे निदान करून पाट दुप्पट वेळ सोडावा. इथेच बहुतेकांना यश येते.

पिकाने कुरकुर केली तर पीक बदला, सवय नको. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचे माप, मीटरला १ डेसिसीमेन्सच्या वर गेली की घेवडा रडू लागतो, गहू साधारण ६ पर्यंत टिकतो, जव ८ पर्यंत. प्राचीन दक्षिण मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गहू हटत जाऊन जव उरला, त्यामागे हेच मीठ होते, असे जेकबसेन आणि अ‍ॅडम्स या अभ्यासकांनी १९५८ मध्ये मांडले. (सगळा दोष मिठाचाच का, यावर अभ्यासक अजून भांडतात. त्यांना भांडू द्या, आपण पाणी द्या.) तिथे एक वर्षाआड शेत पड ठेवत, त्या काळात जवासासारखी खोल मुळांची झुडपे खालची ओल शोषून घेत. अशी आळशी प्रथा मोडून दरवर्षी पीक घ्या.

कालवा नाही म्हणून हिरमुसू नका. पश्चिम ऑस्ट्रेलियात खोल मुळांची झाडे तोडून उथळ मुळांचा गहू पेरला. पावसाचे पाणी पूर्वी झाडे पीत, ते आता खाली मुरले, भूजल वर आले आणि शतकानुशतके खाली निजलेले मीठही सोबत आले. रेल्वेत अभियंता असलेल्या वुड यांनी १९२४ मध्येच हे कारण छापून सांगितले होते. तरीही तोड थांबली नाही, हे कौतुकास्पद.

मोठ्या प्रमाणावर करायचे असेल तर मध्य आशियातला अरल समुद्र गिरवा. १९६० मध्ये सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटरचे, जगातले चौथे मोठे सरोवर होते ते. त्यात येणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या कापसाकडे वळवा, बस्स. तळ उघडा पडला की वारा त्यातले मीठ उचलून पुन्हा कापसाच्याच शेतात आणून टाकतो. ते धुवायला आणखी पाणी लागते, आणि ते त्याच नद्यांतून काढायचे. वर, पाणी आटल्यावर उन्हाळे तापतात, हिवाळे बोचतात आणि हिमतुषार लवकर येऊन कापसाचा हंगाम आखडतो. इतके स्वावलंबी यंत्र दुसरे नाही.

एका गोष्टीपासून मात्र सावध. २००५ मध्ये उत्तर भागात कोकअरलला सुमारे १३ किलोमीटरचा साधा बांध घातला, तर तिथे पाणी चढले, खारटपणा उतरला आणि मासे परत आले. असले बांध वेळीच अडवा. दक्षिणेकडे मुयनाक या जुन्या बंदरात वाळूत रुतलेल्या बोटी अजून आहेत. नमुना म्हणून त्या बघून या.