होडीवरची पोरं, आजचा नातू आणि मेंदू : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

किशोरवयीन मुलांच्या मेंदूवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुम्ही लिहिलंत, "ही अमेरिकेतली खुळं आहेत. आमच्या देवगडात चौदा-पंधरा वर्षांची पोरं होडीवर जायची, घर चालवायची. त्यांचा मेंदू कच्चा नव्हता का? नववीतला नातू रात्री जागतो, सकाळी उठत नाही, बोललं की दार आपटतो. आणि तुम्ही त्याला आयती सबब देताय."

होडीचं तुमचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तो पोरगा होडीवर जायचा तेव्हा सुकाणू तांडेलाकडे असायचं. वारा बघून होडी लोटायची की नाही, जाळं कुठे टाकायचं, माघारी कधी वळायचं, हे तांडेल ठरवायचा. पोरगा पाणी उपसायचा, दोर ओढायचा, मासळी निवडायचा आणि चुकला की बोलणी खायचा. शेजारी बाप, चुलता, नाहीतर वाडीतलंच कुणीतरी. धोका होताच, पण निर्णय घ्यायच्या वेळी मोठं माणूस हाताशी होतं. आज त्याच वयाच्या मुलाला आपण बाईकची किल्ली देतो आणि सोबतीला असतात दोन मित्र.

मित्रांमुळे काय फरक पडतो, हे मोजून पाहिलेलं आहे. टेंपल विद्यापीठातल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये कॉम्प्युटरवरचा गाडीचा खेळ काही जणांना एकट्याने आणि काही जणांना मित्रांसमोर खेळायला दिला. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की अजून पुढे दामटायचं, एवढाच प्रश्न. १३ ते १६ वयाच्या मुलांनी मित्रांसमोर जवळपास दुप्पट धोका पत्करला. चोविशीपुढच्यांत मित्र असल्या-नसल्याने फरक पडला नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून हे रोज डोळ्यांसमोर असतं. घाटात ट्रिपल सीट का जाऊ नये, असं वर्गात विचारलं की ब्रेकचं अंतर, ओला रस्ता, वळणावर समोरून येणारी एसटी, सगळं बिनचूक सांगतात. संध्याकाळी त्यांच्यातलेच तिघे सड्यावरच्या रस्त्याने एका गाडीवर सुसाट जातात, मागचा मोबाईल वर धरून शूटिंग करतो. त्यांना कळत नाही असं नाहीच. थराराला, कौतुकाला प्रतिसाद देणारा मेंदूचा भाग वयात येतानाच जोरात कामाला लागतो. स्वतःला आवरणारा, कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. तिथल्या न वापरलेल्या जोडण्या गळतात, उरलेल्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण चढतं आणि निरोप भराभर पोचू लागतात. शांतपणे, एकट्याने विचार करताना सोळा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या फारसा मागे नसतो. चारचौघांत, रक्त सळसळत असताना मागे पडतो.

आणि हे फक्त अमेरिकेतलं नाही. स्टाइनबर्ग यांच्याच गटाने पुढे ११ देशांत पाच हजारांहून अधिक मुलामाणसांना तपासलं, त्यात भारतही होता. थराराची ओढ एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत जास्त आणि स्वतःला आवरण्याची ताकद तेविशी-पंचविशीपर्यंत वाढत जाणारी, हाच कल बहुतेक देशांत दिसला.

सबबीचं म्हणाल, तर ती मी मुलांना देत नाही आणि मोठ्यांना तर मुळीच नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आली. तरीही आपल्याकडे दहावीच्या निकालाला बाईक बक्षीस मिळते, याचा मला मनापासून राग येतो.

आता तुमच्या नातवाचं. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं, त्यामुळे दहाला डोळा न लागणं हा आळस नव्हे. मोबाईल मात्र रात्री तुमच्या खोलीत ठेवा, ते तुमच्या हातात आहे. त्याला आठ ते दहा तास झोप लागते. शाळेच्या दिवशी ती पुरी होत नसेल, तर रविवारी जरा उशिरापर्यंत झोपू द्या. आणि बोलायचं ते मित्रांसमोर किंवा पाहुण्यांसमोर नको. बंदरावर जाताना एकट्याला सोबत न्या, दार आपटल्याचा राग ओसरला की बोला, आणि किल्ली का देणार नाही तेही तेव्हाच सांगा.