जवारी तंबोऱ्याला शोभते, ॲम्प्लिफायरला नव्हे

कोल्हापुरात ऑडिओचा नाद असलेली माणसं मूठभर, पण त्यांच्यातही दोन तट. एक आलेखवाले. यांना ॲम्प ऐकायच्या आधी त्याच्या डिस्टॉर्शनचा, म्हणजे तो मूळ आवाजात किती भेसळ करतो त्याचा, आकडा लागतो. दुसरे कानवाले. यांना आलेख दाखवला की लगेच, "मर्दा, गाणं काय फूटपट्टीनं मोजतोस व्हय?" माझं म्हणणं एवढंच की मोजमाप खोटं बोलत नाही आणि आवड ज्याची त्याची. पण आपल्या आवडीलाच कुणी 'अचूक' म्हणायला लागला की मला गप्प बसवत नाही.

व्हॉल्व्हचा ॲम्प घ्या. राजारामपुरीतल्या एका मित्राकडं आहे. दिवे घालवले की काचेच्या नळ्यांतली तार लालसर दिसते, देखणं प्रकरण आहे. त्याच्या मते यात गळा 'भरलेला' लागतो, आणि ते खरं आहे. अशा बऱ्याच ॲम्पमध्ये मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा अंश थोडा जास्त मिसळतो. दुप्पट म्हणजे वरचा षड्ज. तिप्पट म्हणजे त्याच्या वरचा पंचम. पाचपट म्हणजे गंधार, तंबोरा जमून लागला की न छेडता ऐकू येतो तोच. म्हणजे बिघाड आहे, पण सुरातला. गोड लागणारच. सातपट मात्र आपल्या कुठल्याच निषादावर नीट बसत नाही. असले वरचे अंश वाढले की आवाज कडक, टोचरा होतो.

आता मिरजेचा कारागीर घोडीला कानस मारून, दोरा केसभर सरकवून जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता गुंजारव, काढतो, ती गाणाऱ्याच्या पट्टीसाठी, कान लावून. ती रेकॉर्डिंगमध्ये आधीच आलेली असते. तिच्यावर ॲम्पनं स्वतःची जवारी चढवली, तर ती तंबोऱ्यावर चढते, सारंगीवर चढते आणि बातम्या देणाऱ्या बाईंवरही चढते. एकटा गळा असेल तर खपून जातं. गळा, सारंगी, पेटी एकदम चालू झाली की स्वरांच्या आपसांत बेरजा-वजाबाक्या होतात आणि त्यातून निघालेले आवाज कुठल्याच सुरात नसतात. मित्राला आवडतो, त्यानं खुशाल ऐकावा. कलाकार असाच गात होता, असं तेवढं म्हणू नये.

लोकांना अचूक आवाज कोरडा वाटतो, हाही एक पसरवलेला समज. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये १९८०च्या दशकात स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले. बहुतेकांनी पसंत केले ते सपाट, खाचखळगे नसलेल्या आलेखाचेच, म्हणजे खालचे-वरचे सगळे सूर सारख्याच जोरात वाजवणारे. पुढं १९९४ साली शॉन ऑलिव्ह यांनी हरमन या ऑडिओ कंपनीत तेच स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा झाकून ऐकवले, तर गुण बदलले. डोळे मध्ये आले की कान हातचं राखून बोलतात, दुसरं काय!

आम्हीही हा उद्योग केला. ॲम्पवर चादर टाकली, एकच सलग सूर वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावला आणि दोन्हीकडचे व्होल्ट जुळवले. हे जुळवणं महत्त्वाचं, कारण जरासा मोठा वाजणारा ॲम्प नेहमी 'जिवंत' वाटतो. ट्रान्झिस्टरचे दोन बरे ॲम्प कुणालाही ओळखता आले नाहीत, किमतीत मोठा फरक असून. व्हॉल्व्हचा काहींनी गळ्यावरून ओळखला.

आलेखवाल्यांनी यावर खूश होऊ नये. ॲम्पची स्वतःची खरखर गाण्यापेक्षा शंभर डेसिबल खाली की एकशे वीस, हे तुमचं भांडण ज्या हॉलमध्ये चालतं तिथं वर पंखा फिरतोय, आत कुकरची शिट्टी, खाली गुळगुळीत फरशी. सीडीचा सोळा बिटचा आवाकाच, म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, ९६ डेसिबलच्या आसपास. बारा फुटी खोलीत समोरासमोरच्या भिंती ४७ हर्ट्झला आणि मग ९४ला घुमतात, म्हणजे डग्गा ऐन जिथं बोलतो तिथंच गडबड. भिंतीला वाकळ टांगून टाळीचा खणखणाट कमी होतो, हे घुमणं मात्र कमी होत नाही. त्याला स्पीकर आणि खुर्ची हातभर सरकवून बघावं लागतं. ते फुकट आहे म्हणून बहुधा कुणी करत नाही.

आणि आवडीचं म्हणाल तर बटणं कशाला दिलीत? अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथं होते. त्यांच्या शिष्या केसरबाईंच्या जुन्या तबकड्या मी ट्रेबल बिनधास्त कमी करून ऐकतो. सपाट स्पीकर त्यातली खरखरही इमानानं वाजवतो, आणि मला खरखर नको, तान हवी. रात्री आवाज बारीक ठेवला की बास वाढवतो, कारण हळू आवाजात खालचे सूर कानाला कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ सालीच मोजून ठेवलंय. बटण फिरवलं की परत फिरवता येतं. ॲम्पच्या आत भरून आलेला गोडवा काढता येत नाही.

पटत नसेल त्यानं आपला ॲम्प घेऊन रविवारी यावं. चादर आमची, मल्टिमीटर आमचा, चहाही आमचाच. फक्त दारात किंमत सांगायची नाही.