एका डोळ्यात शत्रू, दुसऱ्यात सामना

एका मॉनिटरवर गेम आणि शेजारच्या मॉनिटरवर क्रिकेटचा सामना, याला घरचे चैन म्हणतात. मी कसरत म्हणतो.

पहिली गोची केबलची. दुसऱ्या मॉनिटरची केबल लोक कॅबिनेटमागे चाचपडून हाताला लागेल त्या भोकात खुपसतात. ते निघतं मदरबोर्डचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीचं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाला ‘एफ’चं शेपूट असेल, तर त्यात ग्राफिक्स, म्हणजे चित्र काढायची सोय, नसतेच, मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो आणि झोपी जातो. केबल खालच्या आडव्या पोर्टांत, म्हणजे ग्राफिक्स कार्डात लावायची. मग विंडोजचं बटण आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडायचं. ‘डुप्लिकेट’ निवडलंत, तर एकच शत्रू तुम्हाला दोन्ही पडद्यांवर मारेल.

आता गेमचा मानापमान. तो अस्सल ‘फुलस्क्रीन’मध्ये असला आणि तुम्ही सामन्यावर नुसतं क्लिक केलंत, की बरेचसे गेम रुसून टास्कबारमध्ये जाऊन बसतात. म्हणून सेटिंगमध्ये ‘बॉर्डरलेस’, म्हणजे पडदाभर पसरलेली बिनचौकटीची खिडकी, करायचं. मग रुसवा जातो, पण कर्सर मोकाट सुटतो. नकाशा सरकवायला माऊस कडेला नेला की तो थेट स्टेडियमात. गेममध्ये ‘लॉक कर्सर’ असेल तर उत्तम. नसेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसऱ्या मॉनिटरचा चौकोन ओढून तिरका ठेवायचा, फक्त कोपऱ्याला कोपरा लागेल असा. एवढ्याशा फटीतून कर्सर सहसा निसटत नाही. निसटलाच, तर तुमचं नशीब.

खरी गंमत कीबोर्डची. पडदे दोन असले तरी कीबोर्ड एकपत्नीव्रती. शेवटचं क्लिक जिथे, तिथेच त्याची निष्ठा. जाहिरात बंद करायला ब्राउझरवर क्लिक केलंत आणि गेमवर परत क्लिक करायचं विसरलात, की उडी मारायला दाबलेल्या स्पेसबारने सामना थांबतो आणि तुमचा गडी मैदानात खांबासारखा उभा. त्याहून वाईट म्हणजे वाकून पुढे सरकणं. त्यासाठी बऱ्याच गेममध्ये कंट्रोल आणि डब्ल्यू लागतं, आणि ब्राउझरच्या भाषेत त्याचा अर्थ ‘टॅब बंद कर’. शेवटची ओव्हर, सहा धावा हव्यात, आणि टॅब गुल! कंट्रोल, शिफ्ट, टी दाबलं की टॅब परत येतो. गेलेला चेंडू येत नाही. कीबोर्डवर प्ले-पॉजचं वेगळं बटण असेल तर तेच वापरावं, क्लिक करायची वेळच येत नाही.

आवाजाचंही तसंच. एचडीएमआय केबल लावली की विंडोज कधीकधी सगळा आवाज मॉनिटरकडे पाठवतं, आणि मॉनिटरला बहुधा स्पीकर नसतो. विंडोज ११मध्ये विंडोज, कंट्रोल, व्ही दाबून व्हॉल्यूम मिक्सर उघडायचा, प्रत्येक ॲपचा आवाज वेगळा ठेवायचा. माझं प्रमाण गेम ७०, समालोचक २०. समालोचक चढला की पाठीमागच्या पावलांचा आवाज ऐकू येत नाही.

ब्राउझरचं ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ मात्र बंद करू नका. व्हिडिओ उलगडायला कार्डात वेगळा विभाग असतो, तो याच सेटिंगमुळे कामाला लागतो. ते बंद केलं की सगळं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर येतं आणि गेम उचक्या देऊ लागतो. विजेच्या बिलाची धास्ती असेल तर २५ वॅटचा मॉनिटर रोज चार तास चालवला तर महिन्याला तीन युनिट. घरच्यांना सांगायला हा आकडा बरा पडतो.

राहिला प्रश्न उशिराचा. इंटरनेटवरचा सामना डिशच्या मागे चालतो, कधी अर्धा मिनिटसुद्धा. सेट-टॉप बॉक्स मॉनिटरच्या एचडीएमआयला थेट जोडला तर हे अंतर मिटतं, कॉम्प्युटरवर ओझंही शून्य. मी जोडत नाही. शेजारून ‘आउट!’ अशी आरोळी येते, तेव्हा माझ्याकडचा गोलंदाज अजून चेंडू पँटला घासत असतो. मी आडोसा गाठतो, बंदूक भरून घेतो, मान डावीकडे वळवतो. विकेट पडायच्या आत पोहोचतो.